रडारला किती लांबचं दिसतं? सिम्युलेटरमध्ये मोजून पाहू

लढाऊ विमानांचे सिम्युलेटर खेळणाऱ्यांत एक वाद कधीच विझत नाही. एक जण म्हणतो, “माहितीपत्रकात या रडारचा पल्ला १२० किलोमीटर दिलाय आणि मला समोरचं विमान ७५ वर आल्यावर दिसलं. गेम चुकलाय.” दुसरा म्हणतो, “मला तर १३० वरच दिसलं.” तिसरा वैतागून सांगतो, “माझ्या खालून आडवं गेलं, ३० वर होतं, तरी पडद्यावर ठिपका नाही!” तिघंही खरं बोलत असतात. गेमही बहुधा बरोबर असतो. तिघांनी तीन निरनिराळे प्रश्न विचारलेले असतात आणि उत्तरं मात्र एकमेकांशी ताडून बघतात. घोळ तिथे होतो.

(काही वेळा पहिल्याचे ७५ हे नॉटिकल मैल असतात. म्हणजे झाले १३९ किलोमीटर. भांडणाआधी एकक बघून घ्यावं.)

अंधारात टॉर्च घेऊन उभे राहा आणि स्वतःलाच विचारा, या टॉर्चने किती लांबचं दिसतं? लगेच उलट प्रश्न येतील. काय बघायचंय, पांढरी भिंत की काळं मांजर? मांजर मोकळ्यावर बसलंय की झुडपात? आणि दिसणं म्हणजे काहीतरी हललंसं वाटणं, की मांजरच आहे अशी खात्री पटणं? रडारच्या पल्ल्याचंही तसंच आहे. डीसीएस वर्ल्ड असो, फाल्कन बीएमएस असो की वरून नकाशा बघून खेळायचा कमांड मॉडर्न ऑपरेशन्स, पल्ला मोजायला बसण्याआधी या प्रश्नांची उत्तरं ठरवून घ्यावी लागतात. नाहीतर संध्याकाळभर मोजूनही हाती काही लागत नाही. हे मी अनुभवाने सांगतोय, तो किस्सा पुढे येईल.

चौथा घात

रडार रेडिओलहरींचा झोत सोडतं. तो लक्ष्यावर आपटतो, त्यातला किंचित भाग परत येतो, आणि तो परतीचा भाग ओळखता आला तर लक्ष्य ‘दिसलं’. जाताना झोत पसरत जातो, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की लक्ष्यावर पडणारी ऊर्जा चौथाई होते. परत येणारा प्रतिध्वनीही तसाच पसरत येतो, तोही चौथाई. दोन्ही मिळून सोळावा हिस्सा. म्हणजे परतीचा संकेत अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो. पल्ला दुप्पट हवा असेल तर बाकी सगळं तसंच ठेवून रडारची शक्ती सोळापट करावी लागेल.

हाच हिशेब लक्ष्याच्या आकारालाही लागतो. रडारला एखादी वस्तू केवढी दिसते याचं माप म्हणजे आरसीएस, ते चौरस मीटरमध्ये सांगतात. १ चौरस मीटर आरसीएस म्हणजे साधारण १.१३ मीटर व्यासाचा धातूचा गोळा जेवढं परावर्तन देईल तेवढं. समजा, ५ चौरस मीटरचं लढाऊ विमान एका रडारला १०० किलोमीटरवर दिसतं. मग १०० चौरस मीटरचं अवजड बॉम्बफेकी विमान, वीसपट मोठं असूनही, २११ किलोमीटरवरच दिसेल. १ चौरस मीटरचं लक्ष्य ६७ किलोमीटरवर, ०.१ चं जवळपास ३८ किलोमीटरवर. पहिल्या विमानाच्या हजारावा भाग आरसीएस असलेलं स्टेल्थ विमानसुद्धा १८ किलोमीटरवर सापडतं. ‘स्टेल्थ म्हणजे अदृश्य’ हा समज इथेच गळून पडतो. ते उशिरा दिसतं, आणि हवाई लढाईत तो उशीरच पुरेसा असतो.

सिममधला माझा पहिला प्रयोग नेहमी हाच. रडार एकच, लक्ष्यं दोन, एक मोठं आणि एक छोटं. गेमच्या डेटा फाइलमध्ये दोघांचे आरसीएस दिलेले असतील तर त्यांच्या गुणोत्तराचं चौथं मूळ काढायचं. पल्ल्यांचं गुणोत्तर त्याच्या आसपास आलं, तर गेमच्या पोटात रडारचं खरं समीकरण चालतंय. आलंच नाही, आणि बॉम्बफेकी व छोटं विमान एकाच अंतरावर उगवलं, तर तिथे फक्त ‘अमुक अंतराच्या आत आलं की दाखव’ एवढाच नियम आहे. मग पुढचा निम्मा लेख त्या गेमला लागू नाही, आणि तुमचा वेळ वाचला.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. एका विमानाला एकच आरसीएस, ही सोय आहे, सत्य नव्हे. एक चौरस मीटरचा सपाट पत्रा घ्या आणि ३ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारसमोर अगदी काटकोनात धरा. बऱ्याच लढाऊ विमानांची रडारं याच लांबीच्या आसपास काम करतात. त्या पत्र्याचा आरसीएस सुमारे १४,००० चौरस मीटर भरतो. तोच पत्रा थोडा कलता केला की परावर्तन भलतीकडे जातं आणि आकडा कोसळतो. खरं विमान म्हणजे असे वक्र, कडा, कोपरे आणि इंजिनाची तोंडं यांचं गाठोडं. त्यामुळे ते एखाद-दोन अंशांनी वळलं तरी रडारवरची त्याची चमक कित्येक पटींनी वरखाली होते. काही सिम नाक, बाजू आणि शेपूट यांना वेगळे आकडे देतात, काही पंखाखालच्या क्षेपणास्त्रांचीही भर घालतात, काही एकाच आकड्यावर भागवतात. तुमचा गेम यातलं काय करतो हे तपासायला लक्ष्य रिकामं आणि मग भरलेलं, असं दोनदा उडवून बघायचं.

‘दिसलं’ म्हणजे काय

इथे थोडं थांबू, कारण बहुतेक वादांचं मूळ इथे आहे.

रडारच्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे परतीचा संकेत पकडणाऱ्या भागात, स्वतःची अशी खरखर कायम असते. उपकरण जितकं ऊबदार तितकी ती जास्त, आणि ती शून्य कधीच होत नाही. परतीचा संकेत या खरखरीतून उठून दिसावा म्हणून एक उंबरठा ठरवलेला असतो. त्याच्या वर गेलं तर ठिपका, खाली राहिलं तर काही नाही. उंबरठा खाली आणला तर लांबची विमानं दिसतात, पण खरखरीचेही ठिपके उमटायला लागतात. वर नेला तर पडदा स्वच्छ राहतो, पण खरी विमानं हुकतात. त्यातून लक्ष्याची चमक क्षणाक्षणाला बदलते. पीटर स्वेर्लिंग या गणितज्ञाने १९५४ साली रँड संस्थेत काम करताना या लुकलुकणाऱ्या लक्ष्यांची गणिती प्रतिमानं मांडली, आणि रडारचे अभियंते ती आजही वापरतात.

त्यातलं पहिलं प्रतिमान घेऊन हिशेब करून पाहू. खरखरीला चुकून विमान समजण्याची शक्यता दर तपासणीला दहा लाखांत एक धरली, आणि १०० किलोमीटरवरचं लक्ष्य एका फेरीत दिसण्याची शक्यता ५० टक्के आहे असं मानलं. तर मग तेच लक्ष्य ९० टक्के खात्रीने दिसायला ६२ किलोमीटरवर यावं लागतं. आणि १० टक्के शक्यता? ती १३९ किलोमीटरवरही असते.

रडार तेच, लक्ष्य तेच, दिवसही तोच. एखादा विक्रेता १३९ छापू शकतो, सावध वैमानिक ६२ धरून चालेल, आणि दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नाही. म्हणून कुठल्याही माहितीपत्रकातला पल्ला गेमशी ताडून बघताना तो किती टक्क्यांचा आणि केवढ्या लक्ष्याचा आहे हे विचारायचं. बहुतेक वेळा माहितीपत्रक यावर मौन पाळतं. त्या मौनाच्या जोरावर गेमला चूक ठरवणं मला तरी पटत नाही.

यातच आणखी एक पेच आहे. रडार एकदाच बघून गप्प बसत नाही, ते झोत डावी-उजवीकडे फिरवत पुन्हा पुन्हा बघत असतं. दोन विमानं समोरासमोर, एकूण सेकंदाला ६०० मीटर वेगाने जवळ येताहेत आणि रडारची एक फेरी ४ सेकंदांची आहे असं धरा. दर फेरीला अंतर २.४ किलोमीटरने घटतं. १३९ किलोमीटरपासून १२० पर्यंत येईस्तोवर आठ-एक फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत दिसण्याची शक्यता १० ते २५ टक्केच, पण आठ वेळा फासे टाकले तर एकदा तरी दान पडतंच. त्याआधीच्या फेऱ्या धरून १२० किलोमीटरला पोहोचेपर्यंत निदान एकदा ठिपका उमटण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे ‘१०० किलोमीटरच्या’ रडारवर पहिला ठिपका साधारणपणे १०० च्या बराच आधी येतो. फक्त तो लगेच विझतो, पुन्हा येतो, पुन्हा जातो. सलग माग लागायला, म्हणजे रडारने ‘हे तेच विमान, त्याचा वेग एवढा, दिशा ही’ असं बांधायला, अजून बरंच जवळ यावं लागतं. आणि लॉक, म्हणजे रडारने त्या एकाच विमानावर नजर खिळवणं, ही आणखी वेगळी पायरी.

तेव्हा चाचणी करताना तीन अंतरं वेगवेगळी टिपा: पहिला ठिपका, सलग माग, आणि लॉक. सुरुवातीच्या तिघा भांडणाऱ्यांपैकी पहिल्याने लॉकचं अंतर सांगितलं होतं आणि दुसऱ्याने पहिल्या ठिपक्याचं, असं निघालं तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही.

फेरीच्या वेळाचा परिणामही यातूनच कळतो. झोत १२० अंश रुंद आणि चार ओळींत फिरवला तर फेरीला आठ-दहा सेकंद सहज लागतात. तोच ४० अंशांत दोन ओळी फिरवला तर दोनेक सेकंदांत काम होतं, आणि तेवढ्याच वेळात चारपट फासे टाकता येतात. ज्या सिममध्ये हे नीट बसवलंय तिथे अरुंद शोधात पहिला ठिपका लांबून येतो. ज्यात बसवलेलं नाही तिथे रुंदीने काहीच फरक पडत नाही. पाठीवर मोठी तबकडी फिरवणारं ई-३ सेंट्री हे टेहळणी विमान घ्या. तिचा एक फेरा १० सेकंदांचा. सेकंदाला ५०० मीटरने जवळ येणारं विमान तिच्या दोन नजरांमध्ये ५ किलोमीटर सरकलेलं असतं.

पायाभूत चाचणी

आधी सगळ्यात सोपी, सगळ्यात निर्मळ स्थिती उभी करायची. नंतर तिच्यात एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

मिशन एडिटरमध्ये समुद्रावर दोन विमानं ठेवा. जमिनीवर नको, डोंगर आडवे येतात. दोघंही एकाच उंचीवर, ९,००० मीटर म्हणू. नाकासमोर नाक, वेग ठरलेला. सुरुवातीचं अंतर अपेक्षित पल्ल्याच्या दुपटीहून जास्त ठेवा. नाहीतर लक्ष्य सुरू होतानाच पल्ल्यात असतं आणि तुम्ही फक्त तुमच्या पडद्याच्या फेरीचा वेळ मोजता. लक्ष्याचा संगणकी वैमानिक ‘कशालाही प्रतिसाद देऊ नकोस’ या आज्ञेवर हवा. तसं केलं नाही तर तुमच्या रडारची चाहूल लागताच तो वळतो, चकवतो, आणि चाचणी हातची जाते. त्याचा जॅमर, म्हणजे रडारला गोंगाटाने गोंधळवणारं उपकरण, बंद. आजूबाजूला दुसरं कुणीही नको.

अँटेनाचा कल दर वेळी तपासा. झोत साधारण ३ अंशांचा असला तर १०० किलोमीटरवर तो ५ किलोमीटर उंचीचा पट्टा झाकतो, पण २० किलोमीटरवर जेमतेम एक किलोमीटर. लांब असताना दिसलेलं विमान जवळ आल्यावर गायब होतं, ते बरेचदा याच कारणाने. ते झोताच्या वर किंवा खाली निसटलेलं असतं आणि दोष मात्र रडारला लागतो.

आता तो किस्सा. मी दोन संध्याकाळी बसून एका रडारचा पल्ला मोजला. आकडे इतके सुंदर येत होते की संशय यायला हवा होता. प्रत्येक वेळी बरोब्बर तेवढ्याच अंतरावर ठिपका, हवामान कसंही असो, लक्ष्य कुठेही वळलेलं असो. शेवटी लक्षात आलं की मिशनमध्ये मागे एक टेहळणी विमान राहून गेलंय आणि त्याचा ठिपका डेटालिंकने, म्हणजे विमानांमधल्या रेडिओ जोडणीने, माझ्या पडद्यावर येतोय. माझं रडार तर बंद होतं. तेव्हापासून पहिली गोष्ट म्हणजे डेटालिंक तोडायचा, आणि खातरी म्हणून एक फेरी रडार बंद ठेवून उडवायची. तरीही ठिपका आला तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांनी दिसतोय.

अंतर टिपायला डोळ्यांवर विसंबू नका. टॅकव्ह्यूसारखं नोंद ठेवणारं साधन दोन्ही विमानांची जागा क्षणाक्षणाला लिहून ठेवतं. ठिपका उमटला त्या सेकंदाची वेळ टिपून नंतर नोंदीतून अंतर काढलं की झालं. आणि वेळ दहापट वेगाने पळवून चाचणी उरकायचा मोह आवरा. काही गेम अशा वेळी रडारची तपासणी विरळ करतात, मग तुम्ही मोजता तो घाईचा परिणाम.

जमीन शत्रू होते तेव्हा

आता पायाभूत चाचणीत पहिला बदल. लक्ष्य ९,००० वरून ३०० मीटरवर आणा. तुमचं नाक खाली, झोत जमिनीकडे. आता रडारला विमानाच्या प्रतिध्वनीबरोबर खालच्या अख्ख्या पृष्ठभागाचाही प्रतिध्वनी मिळतो, आणि तो विमानाच्या कित्येक पट मोठा असतो.

विमानातल्या रडारचा हा जन्मजात रोग. सप्टेंबर १९३७ मध्ये एडवर्ड बोवेन यांच्या ब्रिटिश चमूने अ‍ॅव्हरो अ‍ॅन्सन विमानात बसवलेल्या रडारने उत्तर समुद्रातली जहाजं हुडकली. पुढे दुसऱ्या महायुद्धात रात्रीच्या लढाऊ विमानांसाठी जे रडार आलं, एआय मार्क ४, त्याच्या झोताला नेमकी दिशाच नव्हती. दीड मीटर लांबीच्या लहरी सगळीकडे पसरायच्या. परिणाम असा की विमान ४,५०० मीटर उंचीवर असेल तर साडेचार किलोमीटरवर थेट खालच्या जमिनीचा प्रतिध्वनी येऊन आदळायचा आणि त्यापलीकडचं सगळं बुडून जायचं. त्या रडारचा पल्ला म्हणजे विमानाची स्वतःची उंची. शत्रू खाली उतरला की तुम्हीही खाली, आणि खाली गेलात की तुम्ही आणखी आंधळे. एखाद्या सिममध्ये त्या काळचं विमान मिळालं तर ही चाचणी जरूर करा. २,००० मीटर, ४,००० मीटर, ६,००० मीटर अशा उंच्यांवर पल्ला मोजा. आलेख सरळ रेषेत चढला तर ज्याने तो गेम लिहिला त्याला इतिहास ठाऊक आहे.

नव्या रडारांनी यावर डॉप्लरचा उपाय काढला. जवळ येणाऱ्या वस्तूचा प्रतिध्वनी किंचित चढ्या सुरात परततो, लांब जाणाऱ्याचा उतरत्या. तुम्ही सेकंदाला २५० मीटर वेगाने पुढे जात असाल तर समोरची जमीनच तुमच्याकडे २५० ने येतेय असं रडारला वाटतं. ३ सेंटिमीटरच्या लहरीत हा फरक सुमारे १६.७ किलोहर्ट्झ भरतो. समोरून २५० नेच येणारं विमान ५०० ने जवळ येतंय, म्हणजे त्याचा फरक ३३.३ किलोहर्ट्झ. सूर निराळा, त्यामुळे ओळख पटते. रडार जमिनीच्या सुरावर कात्री चालवतं आणि उरलेलं बघतं.

पण कात्रीला डोळे नसतात. लक्ष्य तुमच्या नजरेच्या रेषेला काटकोनात उडू लागलं, ना जवळ येतंय ना लांब जातंय, तर त्याचा सूर हुबेहूब जमिनीचाच होतो, आणि जमिनीबरोबर तेही कापलं जातं. वैमानिक याला नॉच म्हणतात. सुरुवातीचा तिसरा भांडणारा आठवतोय? खालून आडवं जाणारं विमान ३० किलोमीटरवर असूनही त्याला दिसलं नाही. गेम बिघडला नव्हता, उलट फार चांगला चालला होता.

नॉच मोजता येतो, आणि मला तरी ही सगळ्यात मजेची चाचणी वाटते. पल्ल्याच्या बऱ्याच आत, समजा ४० किलोमीटरवर, खालच्या उंचीवरून लक्ष्याला मोठ्या वर्तुळात सावकाश फिरवा. ठिपका कुठल्या कोनात जातो आणि कुठल्या कोनात परत येतो ते टिपा. लक्ष्याचा वेग २५० आणि कात्रीची धार दोन्ही बाजूंना ४० मीटर प्रतिसेकंद असेल, तर ते काटकोनाच्या अलीकडे-पलीकडे सुमारे ९ अंशांत नाहीसं होईल. उलट हिशेबाने, गायब होण्याच्या कोनावरून गेममधली कात्री किती रुंद ठेवलीय ते काढता येतं. मग तेच वर्तुळ तुमच्यापेक्षा उंच नेऊन फिरवा. आता झोतात जमीनच नाही, त्यामुळे लपायला गर्दीही नाही, आणि तत्त्वतः आडवं विमान दिसायला हवं. अपवाद एकच, त्या रडारची कात्री जमीन असो-नसो कायम चालू राहत असली तर. दोन्ही वर्तुळांत तेच घडलं तर गेमने वर-खाली हा भेद केलेलाच नाही, किंवा मग त्या खऱ्या रडारचंच तसं आहे. यातलं कोणतं, हे नुसत्या चाचणीने ठरत नाही.

शेपटीमागून पाठलाग हा याच्या पुढचा वर्ग. झोताच्या कडांमधून थोडी ऊर्जा सगळ्या दिशांना सांडत असते. पुढची जमीन +२५० च्या सुरात, थेट खालची शून्यात, मागची −२५० च्या सुरात, अशी जमीन या सगळ्या पट्ट्यात पसरून बसते. समोरून ५०० ने येणारं विमान या पट्ट्याच्या बाहेर, स्वच्छ जागेत असतं. तुम्ही २५० ने आणि लक्ष्य २३० ने पुढे पळत असेल तर जवळ येण्याचा वेग फक्त २०, म्हणजे ते पट्ट्याच्या ऐन मध्यात. म्हणून पाठलागातला पल्ला समोरासमोरच्या पल्ल्यापेक्षा बराच तोकडा असतो. हा पट्टा किती दाट हे तुमच्या उंचीवर ठरतं. ३,००० मीटरवर जमीन जवळ, गोंगाट मोठा. १०,००० वर कमी. चांगल्या सिममध्ये हाच पाठलाग दोन उंचींवर केला तर पल्ला बदलायला हवा.

बऱ्याच रडारांत वैमानिकाला स्पंदांची, म्हणजे लहरींच्या तुटक ठोक्यांची, गती निवडता येते. उच्च गतीत सेकंदाला लाखावर स्पंद जातात. सूर फार नेमका कळतो आणि समोरून येणारं लांबून दिसतं, पण स्पंद इतके दाट की कुठला प्रतिध्वनी कुठल्या स्पंदाचा हे समजत नाही. दोन लाख गतीला हा गोंधळ ७५० मीटरनंतरच सुरू होतो, आणि अंतर काढायला वेगळ्या युक्त्या लागतात. मध्यम गती दोन्हींची तडजोड करते आणि पाठलागात कामाला येते. आलटून-पालटूनचा पर्याय सोयीचा खरा, पण प्रत्येक गतीच्या वाट्याला निम्म्याच फेऱ्या येतात. तिन्ही पर्यायांत समोरचा आणि मागचा पल्ला एकसारखा निघाला, तर ते बटण नुसतं शोभेचं.

क्षितिजाचं फार बोलत नाही, कारण लढाऊ विमानाला ते क्वचितच आडवं येतं. दोघांच्या उंचीची मीटरमधली वर्गमुळं काढून बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा, किलोमीटरमध्ये रडारचं क्षितिज मिळतं. ६,००० मीटरवरून ५० मीटरवरचं विमान ३४८ किलोमीटरपर्यंत रेषेत असतं. २० मीटर खांबावरच्या जमिनीवरील रडारला तेच विमान ४८ किलोमीटरच्या आतच दिसू शकतं. रडार विमानात चढवण्याचा खटाटोप कशासाठी केला, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. जॅमरची चाचणीही सोपी. जॅमरचा गोंगाट एकेरी प्रवास करतो म्हणून अंतराच्या वर्गाने घटतो, तुमचा प्रतिध्वनी चौथ्या घाताने. लांबवर जॅमर जिंकतो, जवळ आल्यावर कुठेतरी तुमचं रडार त्याला भेदून जातं. ते अंतर मोठ्या आणि छोट्या लक्ष्यासाठी वेगळं निघायला हवं.

किती वेळा मोजायचं

पायाभूत चाचणी आधी पाच वेळा जशीच्या तशी चालवा. पाचही वेळा पहिला ठिपका त्याच मीटरला आला तर गेममध्ये फासे नाहीतच, ठरावीक उंबरठा आहे, आणि एका मोजणीवर काम भागतं. अंतर दर वेळी मागेपुढे झालं तर खरी मेहनत सुरू होते. समजा एका अंतरावर २० फेऱ्यांत १० वेळा ठिपका दिसला. यावरून ‘इथे ५० टक्के’ असं लिहायची घाई करू नका, खरा आकडा साधारण ३० ते ७० मध्ये कुठेही असू शकतो. १०० फेऱ्या केल्या तर तो ४० ते ६० च्या दरम्यान येतो. म्हणून एकाच अंतरावर ताटकळत बसण्यापेक्षा लक्ष्याला लांबून जवळ आणताना प्रत्येक फेरीत दिसलं की नाही हे सलग टिपावं, आणि पाच-पाच किलोमीटरचे गट पाडून प्रत्येक गटातली टक्केवारी काढावी. कागदावर एक घसरगुंडी उमटते, जवळ शंभरपाशी, लांब शून्यापाशी. मी पल्ला विचारणाऱ्याला ती घसरगुंडीच दाखवतो.

आणि नोंद करताना आकड्याबरोबर परिस्थितीही लिहा. माझ्या वहीतली एक ओळ अशी असते: गेमची आवृत्ती, लक्ष्य कोणतं आणि पंखाखाली काय, दोघांची उंची, दोघांचा वेग, समोरून की मागून, झोताची रुंदी आणि ओळी, स्पंदांची गती, डेटालिंक बंद, जॅमर बंद, ठिपका, माग, लॉक. आवृत्ती पहिली, कारण पुढच्या अद्ययावतीत कात्रीची रुंदी गुपचूप बदललेली असते आणि जुने आकडे नव्या गेमवर चढवून पुन्हा भांडण सुरू होतं. मिशनची फाइलही जपून ठेवा. बनवणाऱ्यांकडे तक्रार नेलीत की ते आधी तीच मागतात.